बैठकीच्या खोलीसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना
एका वॅटला एका मीटरवर 88 डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरांना 20 वॅट मिळाले, तर आवाजाची पातळी एका मीटरवर 101 डेसिबलपर्यंत जाते, म्हणजे खोलीसाठी भरपूर. त्यामुळे घरासाठी वॅटांच्या आकड्यामागे धावण्याचे कारण मला दिसत नाही. क्लास ए (ज्यात ट्रान्झिस्टर सतत चालू राहतात) अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मला सर्वाधिक भावला, परंतु गाणे थांबलेले असतानाही तो जवळजवळ तेवढीच वीज ओढून तापत राहतो, हे पुण्याच्या मे महिन्यात विसरता येत नाही. व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर देखणे खरे, मात्र व्हॉल्व्ह झिजतात. क्लास डी (ज्यात ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद होतात) अत्यंत कार्यक्षम असून थंड राहतो. तरी ऐकलेल्या स्वस्त नमुन्यांत तंबोऱ्याची जवारी मला कोरडी वाटली. अखेर मी क्लास एबी, म्हणजे क्लास एपेक्षा कमी तापणारी मधली रचना, घेतला. 1978 साली आलेल्या एनएडी 3020 या अ‍ॅम्प्लिफायरने प्रत्येक चॅनेलला (डाव्या-उजव्या स्पीकरला) अवघ्या 20 वॅटांवर नाव कमावले, तोही याच रचनेचा.