पंपाच्या रिलेसाठी: आरपीआय-जीपीआयओ की जीपीआयओ-झीरो?

कोपरखैरण्यातल्या सोसायटीचा नेहमीचा प्रश्न: गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हायला हवा. वर फ्लोट स्विच (पाण्याबरोबर तरंगून चालणारा), खाली रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच), मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. त्याच्या जीपीआयओ पिन्स (वायर जोडायच्या) हाताळायला पायथॉनची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, कुठली घ्यायची?

आरपीआय-जीपीआयओ जुनी, ओळखीची. पण पिनचे क्रमांक बीसीएमचे (चिपच्या हिशोबाने) की बोर्डाचे (पिन्स मोजून), पिन इनपुट की आउटपुट, शेवटी क्लीनअप (पिन्स मोकळ्या करणं), सगळं आपणच सांगायचं. जीपीआयओ-झीरो बीसीएमच धरते (१७ लिहिलं तर वायर बोर्डाच्या ११व्या पिनवर), आणि फ्लोट स्विचला ‘बटन’ म्हटलं की पुल-अप (स्विच उघडा असताना पिन ३.३ व्होल्टवर ठेवणारा रेझिस्टर) स्वतःच लावते.

रिलेत खरी गंमत आहे. बरेच स्वस्त रिले बोर्ड उलटे चालतात: पिन लो (० व्होल्ट), तर पंप चालू. जुन्या लायब्ररीत हे दर ओळीला ध्यानात ठेवा. नवीत ‘ॲक्टिव्ह हाय’ हे सेटिंग एकदा फॉल्स केलं की ‘ऑन’ म्हणजे ऑनच.

पाय ५ असेल तर वादच मिटला. तिथे पिन्स आरपी१ या वेगळ्या चिपकडे आहेत, त्यामुळे मुख्य चिपची रजिस्टर (पिन्स चालवणाऱ्या आतल्या नोंदी) थेट हाताळणारी आरपीआय-जीपीआयओ चालत नाही. पाय ३ वर जुना कोड नीट चालतोय? मग उगाच हात लावू नका. फक्त इनपुटला ३.३ व्होल्टच द्या, ५ नको.