कथेतली माणसं घडवायला शिकवणारा ऑनलाइन वर्ग: तिसऱ्या पाठासाठी जरूर घ्या

मुद्रितशोधनाच्या कामामुळे माझ्या नजरेखालून सतत कथा जातात. त्यांतल्या कितीतरी नायिका टपोऱ्या डोळ्यांच्या असतात, म्हातारे सुरकुतलेल्या चेहऱ्यांचे आणि वाईट माणसं कुत्सित हसणारी. स्वतः कथा लिहायला घेतल्यावर या ठरीव विशेषणांच्या पलीकडे जायचं कसं, हे मला नीट शिकायचं होतं. म्हणून व्यक्तिचित्रणाचा हा आठ पाठांचा वर्ग लावला. आधी ध्वनिचित्रित पाठ, मग स्वाध्याय आणि त्यावर शिक्षिकेचा लेखी अभिप्राय, असं त्याचं स्वरूप आहे.

पहिले दोन पाठ मला सामान्य वाटले. नखशिखांत वर्णन करू नका, पात्राची ओळख कृतीतून होऊ द्या, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. खरा वर्ग सुरू होतो तिसऱ्या पाठात.

तिथे शिक्षिका एकच प्रश्न धरून बसतात: कथेतली उपमा कुणाला सुचली आहे? लेखकाला की पात्राला? शाळेत आपण अलंकार ओळखायला शिकतो. ‘सारखा’, ‘जसा’ दिसलं की उपमा, ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ओळखलं की गुण मिळतात आणि विषय संपतो. इथे अलंकार हा पात्राच्या मनाचा पुरावा म्हणून वापरायला शिकवतात. कोळ्याला आभाळ जसं दिसेल तसं हिशेबनिसाला दिसणार नाही. दोघांच्या तोंडी एकच उपमा घातली, तर दोघंही लेखकाचीच भाषा बोलू लागतात.

स्वाध्याय असा होता: बापाची मुलाबद्दलची काळजी दाखवा, पण ‘काळजी’, ‘माया’, ‘डोळे पाणावले’ यांतलं काहीही वापरू नका. मी शिंपी घेतला. मुलगा बऱ्याच दिवसांनी घरी येतो. माझं वाक्य होतं, ‘पोरगं दारात उभं राहिलं, आणि त्याची नजर आधी खांद्यांवर गेली. सदरा दोन बोटं सैल झाला होता.’ त्यापुढे मी ‘जणू त्याच्या काळजालाच कुणी टाचणी टोचली’ असं लिहिलं होतं. अभिप्रायात तेवढीच ओळ कापली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘दोन बोटांत सगळं आलंय.’

आपल्या काव्यशास्त्रातल्या शब्दशक्ती लावून पाहिलं तर फरक लगेच कळतो. ‘बाप काळजीत होता’ ही अभिधा झाली, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. ‘दोन बोटं सैल’ या शब्दांचा सरळ अर्थ कापडाचा आहे, पण वाचकाला त्यातून मुलाची उपासमार आणि बापाचा जीव, दोन्ही कळतं. ही व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ. शिक्षिकांनी हे शब्द वापरले नाहीत, पण शिकवलं नेमकं हेच.

चेतनगुणोक्तीचा, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं दाखवणाऱ्या अलंकाराचा, पाठही चांगला उतरला आहे. ‘जिना वाट अडवून उभा होता’ हे वाक्य त्यांनी आधी घाबरलेल्या लहान मुलीच्या प्रसंगात ठेवलं, मग गुडघे दुखणाऱ्या आजोबांच्या. एकीकडे त्यातून भीती कळते, दुसरीकडे थकवा. जिना तोच, शब्दही तेच. निर्जीव वस्तूला जिवंत करणारं मन कुणाचं आहे, हे ठरवल्याशिवाय असं वाक्य लिहू नका, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली, आणि तिची मला मनापासून रुखरुख आहे. स्वभावोक्तीचा उल्लेखच नाही. वस्तूचं किंवा प्राण्याचं रूप, त्याच्या हालचाली जशाच्या तशा टिपणारा हा अलंकार संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं अर्थालंकारांमध्ये पहिला मांडला. पुढे कुंतक या दुसऱ्या काव्यशास्त्रकारानं तो अलंकार मानायलाच नकार दिला. स्वभाव हे तर ज्या वस्तूचं वर्णन करायचं तिचं शरीर, आणि शरीरच अलंकार झालं तर अलंकार घालायचा कुणाला, असा त्याचा सवाल. पात्र घडवणाऱ्यासाठी हा वाद आजही जिवंत आहे. शिंप्याच्या त्या वाक्यात सजावट कुठली आणि माणूस कुठला, हे वेगळं काढून दाखवता येईल का?

सहावा पाठ मला पटला नाही. त्यात सपाट (एकाच गुणाभोवती बांधलेल्या) आणि गोल (अनेक पैलूंच्या) पात्रांची चर्चा आहे आणि सपाट पात्र म्हणजे लेखकाचा दोष, असं ठासून सांगितलं आहे. ही विभागणी ज्यांनी १९२७ मध्ये मांडली, त्या इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी तसं म्हटलेलं नाही. सपाट पात्रं चटकन ओळखू येतात आणि लक्षात राहतात, असे त्यांचे गुण त्यांनी आवर्जून सांगितले. गोल पात्राची त्यांची कसोटी होती ती पटेल अशा रीतीनं चकित करण्याची. दारात एकदाच येऊन जाणाऱ्या पोस्टमनला खोल भूतकाळ दिला, तर कथा त्याच्यापाशीच अडून बसते.

सोबत मिळणारी विशेषणांची यादी आणि पात्राची लांबलचक प्रश्नावली, दोन्ही बाजूला ठेवा. आवडता रंग, रास, उंची भरून माणूस उभा राहत नाही. त्याच प्रश्नावलीतला ‘हा माणूस कोणती गोष्ट कुणाला सांगणार नाही?’ हा एक प्रश्न मात्र उतरवून घेण्यासारखा आहे. संवादांचा पाठ घाईत उरकला आहे. बोलीभाषेचा वापर, अर्धवट तुटणारी वाक्यं, कोण कुणाला ‘अहो’ म्हणतं आणि कोण ‘अरे’, यावर जवळजवळ काहीच नाही. मराठी कथेत या एका संबोधनातून अख्खं नातं कळतं, त्यामुळे ही उणीव मोठी आहे.

अभिप्राय यायला वेळ लागतो, पण येतो तो ओळीओळीवर, नुसता ‘छान’ असा शेरा नसतो. अगदी नवख्या माणसानं क्रमानं जावं. ज्यांच्या चार-दोन कथा लिहून झाल्या आहेत, त्यांनी थेट तिसऱ्या पाठापासून सुरुवात करावी आणि स्वाध्यायाला स्वतःच्या अपुऱ्या कथेतलंच पात्र घ्यावं. अभिप्राय त्याच पात्रावर मिळतो आणि कथाही पुढे सरकते.