मायकोरायझाच्या पोत्यात मेलेली बुरशी : प्रेअरी लावणाऱ्यांनी पैसे देण्याआधी वाचावं

अमेरिकेतल्या आयोवा किंवा इलिनॉयमधलं मक्याचं शेत मोडून तिथे पुन्हा प्रेअरी, म्हणजे मूळचं गवत-फुलांचं माळरान, उभी करायची, मधमाश्या-फुलपाखरांसाठी फुलं आणायची, असं ठरवलेल्या माणसाला बियाण्यासोबत मायकोरायझाचं, म्हणजे झाडाच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीचं, एक पोतंही गळ्यात मारलं जातं. त्यावर दहा-बारा बुरशींची लॅटिन नावं आणि लाखांतले आकडे छापलेले असतात. विक्रेता सांगतो ते विज्ञान खरंच असतं, म्हणून संशय येत नाही. बिग ब्लूस्टेमसारखी उंच गवतं, लेडप्लँट, जांभळी प्रेअरी क्लोव्हर ही झाडं मुळांत शिरणाऱ्या अर्बस्क्युलर बुरशीवर फार अवलंबून असतात. बुरशी फॉस्फरस आणून देते, झाड तिला साखर देतं. वर्षानुवर्षांच्या नांगरटीने ही बुरशी कमी होते आणि तिच्या जातीही बदलतात. इथवर सगळं बरोबर. खोटं असतं ते पोतं.

आधी त्यावरचा आकडा सोलून बघा. पिसोलिथस, रायझोपोगॉन, स्क्लेरोडर्मा ही नावं दिसली तर त्या पाइन, ओकसारख्या झाडांच्या मुळांबाहेर आवरण करणाऱ्या बुरशी आहेत. प्रेअरीतल्या गवतांना आणि फुलझाडांना त्यांचा काडीचा उपयोग नाही. पण त्यांचे बीजाणू अतिसूक्ष्म असतात, चिमूटभर भुकटीत लाखो मावतात, आणि एकूण बेरीज डोळे दिपवते. ट्रायकोडर्मा ही मायकोरायझा नसलेली बुरशी आणि जिवाणूही त्याच बेरजेत ढकलतात. आपल्या कामाचा आकडा फक्त अर्बस्क्युलर बुरशीचा. तो वेगळा छापलेला नसेल तर पोतं तिथेच ठेवा.

समजा, तो ग्रॅममागे 60 आहे आणि मात्रा एकरी 10 पौंड. म्हणजे 4,536 ग्रॅममध्ये सुमारे 2 लाख 72 हजार बीजाणू आणि मुळांचे तुकडे. एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर, तेव्हा चौरस मीटरला आले 67. प्रेअरीचं बी चौरस फुटाला 40 दाण्यांनी पेरलं तरी चौरस मीटरला 430 दाणे होतात. सहा दाण्यांमागे एक बीजाणू, तोही सगळे जिवंत आहेत असं मानून. शिवाय मुळाशी गाठ पडल्याखेरीज ही बुरशी वाढूच शकत नाही. वरून फेकलेली भुकटी उन्हात वाळून जाते, पण ती तशीच वरून पसरायला सांगणारे विक्रेते कमी नाहीत.

जिवंतपणाचं तर विचारूच नका. हा माल जुलैच्या उन्हात ट्रकमध्ये तापतो, मग गोदामात पडून राहतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ व्यापारी उत्पादनं सांगितलेल्या मात्रेत वापरली होती. निम्म्याहून जास्त उत्पादनांनी मुळांत मायकोरायझा केलाच नाही. उलट ऑल्पिडियम हा मुळांवरचा परजीवी मात्र सापडला.

मग रोपं हिरवीगार कशी दिसतात? बऱ्याच पोत्यांत खत आणि ह्युमिक ॲसिड मिसळलेलं असतं. तो हिरवेपणा नत्राचा. प्रेअरीत नत्र टाकणं म्हणजे फॉक्सटेल आणि जायंट रॅगवीड या तणांना जेवायला बोलावणं.

ही फसवणूक पचते, कारण प्रेअरीची झाडं पहिली दोन वर्षं मुख्यतः जमिनीखाली वाढतात. तिसऱ्या वर्षी फुलं आली नाहीत की विक्रेता पावसावर, तणावर, तुमच्या पेरणीवर बोट ठेवतो. पोतं संपलेलं, पावती हरवलेली, आणि शेतभर तीच भुकटी टाकल्याने तुलनेला कोरी पट्टीही उरलेली नाही. शेती थांबवून जमीन राखायला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या सीआरपी योजनेत, परागकण वाहणाऱ्या कीटकांसाठीच्या सीपी-42 प्रकारात जमीन असेल तर घोर वाढतो, कारण तिथे वसंत, उन्हाळा आणि शरद या तिन्ही काळांत फुलणाऱ्या प्रत्येकी किमान तीन जाती लागतात. 2017 मध्ये संकटग्रस्त ठरलेल्या रस्टी पॅच्ड भुंगमाशीला हंगामभर फुलं हवीत, एका बहरावर तिची वसाहत टिकत नाही.

खरेदीआधी आठ आठवडे हाताशी ठेवा आणि ही चाचणी करा. अर्धी वाळू, अर्धी माती कुकरमध्ये 121 अंशांवर तासभर, एका दिवसाच्या अंतराने दोनदा वाफवा. प्रत्येकी तीन कुंड्यांचे तीन गट करा. पहिल्यात दहावा हिस्सा उत्पादन, दुसऱ्यात तेच उत्पादन कुकरमध्ये मारून, तिसऱ्यात तेवढीच न नांगरलेल्या गवताळ जमिनीतली ताजी माती. सगळ्यांत ज्वारी पेरा. फॉस्फरसचं खत देऊ नका. उत्पादनातच खत असेल तर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण फॉस्फरस भरपूर मिळाला की झाड बुरशीला थारा देत नाही. तसलं पोतं घेऊच नका.

सहा ते आठ आठवड्यांनी बारीक मुळं धुऊन 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये तीन ते पाच मिनिटं उकळा (चष्मा आणि हातमोजे घालूनच, हे द्रावण डोळा घालवतं). मग धुवा आणि व्हिनेगरमध्ये 5 टक्के काळी शाई घालून तीन मिनिटं उकळा. थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात जादा रंग उतरवा. 100 ते 200 पट सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या पेशींत झुडपासारख्या फांद्या आणि फुगीर गोळे दिसले तर बुरशी शिरली. तिसऱ्या गटात दिसले आणि पहिल्यात नाहीत, म्हणजे पोतं मेलेलं. दुसऱ्यात दिसले किंवा तिसऱ्यातही नसतील तर चाचणी चुकली, विक्रेत्याला दोष देऊ नका.

पोतं जिवंत निघालं तरी प्रश्न उरतो: बुरशी कुठली? बाजारात रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस ही सहज वाढणारी जात सगळीकडे असते. कॅन्सस विद्यापीठातल्या कोझिओल आणि बेव्हर यांनी 2017 मध्ये दाखवलं ते स्थानिक प्रेअरीतल्या बुरशीचं काम. तिने प्रेअरी मुरल्यावर उशिरा स्थिरावणाऱ्या झाडांना बळ दिलं आणि विविधता वाढवली. विक्रेते दाखला या कामाचा देतात, माल भलताच देतात. आणि हे तर कोणीच सांगत नाही, की कॅन्ससच्याच कोंझा प्रेअरीत पाच वर्षं बुरशीनाशकाने मायकोरायझा दाबला तेव्हा उंच गवतं मागे पडून विविधता वाढली होती (1999). म्हणजे बियाण्यात गवत जास्त असेल तर बुरशी गवतालाच मोठं करील आणि फुलं दबतील. गवताचं प्रमाण आधी उतरवा.

आम्हाला पटलेली पद्धत वेगळी आहे. जवळच्या जुन्या प्रेअरीतून मालकाच्या परवानगीने जेमतेम बादलीभर माती घ्या. आयोवात मूळ प्रेअरी हजारात एक भागही उरलेली नाही, म्हणून त्याहून जास्त खणू नये. ती माती वाफवलेल्या वाळू-मातीत मिसळून त्यावर स्थानिक गवतं आणि फुलझाडं पूर्ण हंगाम वाढवा. मुळं चिरून ते मिश्रण रोपवाटिकेत लेडप्लँट, कोनफ्लॉवर, मिल्कवीड यांच्या मुळांलगत घाला आणि ती रोपं शेतात लावा. बुरशी त्यांच्या मुळांवरून आजूबाजूच्या रोपांकडे सरकते.

घरी महाराष्ट्रात द्राक्ष-डाळिंबाला ‘व्हॅम’ (अर्बस्क्युलर बुरशीचंच बाजारातलं नाव) घेणाऱ्यांनाही ही कुंडीची चाचणी लागू आहे. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात ग्रॅममागे किमान 100 जिवंत घटकांची अट आहे, म्हणून तक्रारीला आधार तरी मिळतो.

तरीही पोतं घ्यायचंच असेल तर उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि बुरशी कुठल्या मातीतून आली हे लिहून मागा. शेतात दोन कोऱ्या पट्ट्या ठेवा, शक्य तर शेताच्या दोन टोकांना. उघडताना पोत्यातलं 200 ग्रॅम बरणीत भरून, तारीख टाकून, फ्रिजमध्ये 4 अंशांवर ठेवा आणि लगोलग त्यातलं थोडं कुंडीत लावा. उशीर केलात तर विक्रेता म्हणेल की बुरशी तुमच्याच फ्रिजमध्ये मेली.