कानाचं मशीन, वापरानंतरचा अनुभव (आणि त्या तिळाएवढ्या फिल्टरची रडकथा)

उजव्या कानाचं मशीन परवा अचानक बंद पडलं म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर कंटाळाच होता. बॅटरी नवीन टाकली, डोम (कानात जाणारं रबरी टोक) पुसला, बंद-चालू केलं, ढिम्म. सर्व्हिस सेंटरला नेलं तर काउंटरवरच्या मुलाने कानाशी धरल्यासारखं केलं आणि सांगून मोकळा, काका रिसिव्हर (म्हणजे कानात बसणारा बारका स्पीकर) गेलाय, कंपनीत पाठवावं लागेल, वॉरंटीत बसतंय की नाही ते तिकडून कळेल. म्हटलं बाबा आधी वॅक्स फिल्टर (कानातला मळ अडवणारी टोकाची जाळी) बदलून बघ. तर म्हणे फिल्टर असता तर आवाज कमी झाला असता, पूर्ण बंद नसता पडला. म्हटलं बरं, दे इकडे. घरी आलो, चष्मा लावला, फिल्टर बदलला, मशीन चालू! म्हणजे मी नसतो बोललो तर काही आठवडे एका कानाने काढायचे आणि वर नव्या रिसिव्हरचं बिल.

ज्यांच्याकडे रिसिव्हर कानात बसणारं मॉडेल आहे त्यांना कळेल मी काय बोलतोय. टोकाला ती पांढरी जाळी असते, तिळाएवढी. नवीन फिल्टर एका काडीवर येतो, त्या काडीचं रिकामं टोक जुन्या फिल्टरमध्ये खुपसायचं, सरळ ओढायचं, काडी उलटी करायची, नवीन दाबून बसवायचा. ऐकायला सोपं. पण हे मशीन वापरतं कोण? बहुतेक वय झालेली माणसं, ज्यांची नजर गेलेली आणि बोटं थरथरतात. जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना मदत लागावी इतकं कमी ऐकू येतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, एवढं गिऱ्हाईक असून यांना बोटात धरता येईल असा फिल्टर करता येत नाही? बरं प्रत्येक कंपनीचा वेगळा, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. आणि मशीन देताना अॅप दाखवलं, ब्लूटूथ दाखवलं, फिल्टरबद्दल चकार शब्द नाही, डबीच्या तळाशी पाकीट होतं ते मला नंतर सापडलं.

असो. माझ्या कानाचं कारण सरळ आहे, वर्कशॉप. ग्राइंडर आणि प्रेसच्या आवाजात उमेदीची वर्षं गेली. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास हीच सुरक्षित मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. हे तेव्हा कोण सांगणार, कानात बोळे घातले तर हसायचे लोक. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात) ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसला तेव्हा ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी मी काही सांगायच्या आधीच विचारलं, आवाजात काम करत होता का. वडिलांचं वेगळं होतं, टीबीच्या इंजेक्शनांनी गेलं, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन या गटातल्या औषधांनी आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मरतात. आवाजानेही त्याच मरतात. एका कानात पंधराएक हजार असतात, माणसात परत येत नाहीत.

लोकांना वाटतं बहिरेपण म्हणजे आवाज नुसता हळू येतो. तसं नाही हो. स, श, फ, थ हे आवाज बारीक पट्टीतले आणि हलके, ते आधी जातात; स्वर जाड पट्टीतले आणि जोरदार, ते राहतात. त्यामुळे बोलणं येतं, शब्द येत नाहीत. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं, आता फोनवर नंबर कसा लिहून घ्यायचा? मग घरचे ओरडून बोलतात, त्याने स्वर अजून मोठे होतात, स आहे तिथेच, वर कान ठणकतो, कारण अशा कानाला हलका आवाज येत नाही आणि मोठा एकदम टोचतो. आणि ते ठरलेलं वाक्य, "यांना हवं ते बरोब्बर ऐकू येतं." येणारच ना, समोर बसून, शांत खोलीत, ओठ दिसत असताना येतं. स्वयंपाकघरातून पाठमोरं बोललेलं येत नाही. चारचौघात मी मान हलवायचो, सगळे हसले की हसायचो, संध्याकाळपर्यंत डोकं जड. फोन तर मुलीच्या हातात द्यायचो.

मशीन घ्यायचा तगादा तिचाच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२० च्या अहवालाची बातमी पाठवली, स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्यासारख्या १२ कारणांत ऐकू कमी येणं आहे म्हणून. दुकानदार याच वाक्यावर माल खपवतात हेही सांगून ठेवतो, मशीन लावलं की विसरभोळेपणा टळेल अशी हमी त्यात कुठेही नाही.

सुरुवातीला मी याला पाचपैकी दोन स्टार देणार होतो. नळ म्हणजे धबधबा, वर्तमानपत्राचं पान उलटलं की अंगावर काटा, स्वतःचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. परत करायच्या बेतात होतो. मॅडम म्हणाल्या मुद्दाम कमीवर सेट केलंय, हळूहळू वाढवू, मेंदूला सवय व्हायला आठवडे लागतात, मशीन दिवसभर घाला, कपाटात ठेवून सवय होणार नाही. आणि झालं तसंच. फ्रिजची घरघर कधी मागे पडली कळलंच नाही. गाडीचा इंडिकेटर टकटक करतो हे मी विसरूनच गेलो होतो. फोन सरळ दोन्ही कानात येतो ही तर चैन आहे, आता नंबर मी स्वतः लिहून घेतो.

पण गर्दीत अजून बोंब आहे. जाहिरातीत भरल्या हॉटेलात म्हातारा हसतखेळत गप्पा मारताना दाखवतात, तसलं काही होत नाही. गोंगाट कमी करणाऱ्या प्रोग्रॅमने कानाला त्रास कमी होतो हे खरं, शब्द काही फार जास्त कळत नाहीत. मेलेल्या पेशींचं काम मशीन करू शकत नाही, त्यामुळे मी याचे मार्क कापत नाही, जाहिरातवाल्यांचे कापतो.

बॅटरी ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरवाली. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्या, ती हवेतल्या ऑक्सिजनवर चालते, लगेच झाकण लावलं तर पूर्ण जोर येत नाही. स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचते असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. फोनवर जास्त बोललं की लवकर संपते आणि संपताना कानात जे टुंग टुंग करते ते नेमकं कोणी महत्त्वाचं सांगत असताना.

घेणार असाल तर आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. मळ, पडद्याला भोक, कान वाहणं यातलं बरंच मशीनशिवाय सुटतं. आणि एका कानाचं अचानक गेलं, रात्री ठीक सकाळी बंद असं, तर ते दुकानाचं काम नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होतो.

आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच स्वतःच्या हाताने फिल्टर बदलून बघा, त्यांना करून दाखवू देऊ नका. नाही जमलं तर सरळ म्हणायचं, दुसरं मॉडेल काढा.