सीपीएसाठी पदवीचं मूल्यांकन: आठ महिन्यांनी बदललेलं मत

सीपीए म्हणजे अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल, आपल्या सीएसारखा. त्यासाठी आपली पदवी तिथल्या क्रेडिटमध्ये मोजून देणाऱ्या या मूल्यांकन सेवेला, पहिला अहवाल हातात आला तेव्हा, एक तारा दिला होता. आता तीन देतोय. चौथा नाही, आणि त्याचं कारण एकच: विषयांची नावं.

अमेरिकेच्या सीपीएचं मूळ गणित बहुतेकांना ठाऊक आहे. बऱ्याच राज्यांत 120 सेमिस्टर क्रेडिटवर (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप) परीक्षेला बसता येतं, परवान्याच्या नेहमीच्या मार्गाला 150 लागतात. आपलं पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष साधारण 30 क्रेडिटचं धरतात. म्हणजे बी.कॉम. 90 वर थांबतं आणि एम.कॉम. जोडलं की आकडा भरतो. पण बेरीज जुळली तरी काम होत नाही. अकाउंटिंगची आणि व्यवसायविषयक क्रेडिट वेगळी मोजतात, आणि काही राज्यांना त्यातली काही वरच्या पातळीचीच, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षांतली, हवी असतात.

घोळ इथेच होतो. तपासणाऱ्याने गुणपत्रिकेवरचं नाव वाचलं, अभ्यासक्रम नाही. 'कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग'चे तीन पेपर एकाच नावाचे, म्हणून पुनरावृत्ती समजून एकच धरला. पहिल्यात साहित्य नि मजुरीचा खर्च, पुढच्यांत ओव्हरहेड, मार्जिनल आणि स्टँडर्ड कॉस्टिंग. तेच ते कुठे आहे? टी.वाय.चं 'अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग' तर 'इंटरमीडिएट' म्हणून खाली उतरवलं. पूर्ण फी घेऊन पेपरची नावंच जुळवायची, हे पटत नाही.

मत बदललं ते फेरतपासणीमुळे. तिला अर्जासोबत अभ्यासक्रम लागतो, तोही ज्या वर्षी पेपर दिला त्या वर्षीचा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा आजचा उतरवून पाठवला की वर्ष जुळत नाही म्हणून परत येतो. कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी प्रत मिळते. प्रत्येक पानावर प्राचार्यांची सही-शिक्का घ्या. सोबत एक तक्ता जोडा: पेपरचं नाव, वर्ष, गुण, अभ्यासक्रमाचं पान. तक्ता जोडल्यावर तिन्ही पेपर वेगळे धरले गेले. 'अ‍ॅडव्हान्स्ड' मात्र तिथेच राहिलं.

फेरतपासणीचा निकाल येईपर्यंत, कमी पडलेली क्रेडिट भरायला म्हणून कम्युनिटी कॉलेजात (अमेरिकेतलं दोन वर्षांचं कॉलेज) पैसे भरू नका. अहवालात 'इंटरमीडिएट' आधीच मिळालं असेल आणि तोच कोर्स तिथे केला, तर दुसऱ्यांदा शून्य. तिथले कोर्स बहुतेक खालच्या पातळीचे असतात. 150 चा आकडा भरायला स्वस्त, वरच्या पातळीची अट भागवायला निरुपयोगी. क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे सेमिस्टरऐवजी छोट्या सत्रांचं, कॉलेज असेल तर दोन तृतीयांशाने गुणा: 5 क्वार्टर क्रेडिट म्हणजे सेमिस्टरची जेमतेम 3.33. 30 क्रेडिट भरायला तीनच्या हिशेबाने दहा कोर्स लागतील की 3.33 च्या हिशेबाने नऊ, हे इथे ठरतं.

राज्य आधी पक्कं करा, मूल्यांकन नंतर. एका राज्यासाठी केलेला अहवाल दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि पुन्हा फी पडते. ओहायोसारख्या राज्यात 2026 पासून पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असाही परवान्याचा मार्ग आहे. तिथे वरच्या 30 क्रेडिटचा खर्च वाचू शकतो.

शेवटचं, नावाचं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा, कारण परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्र आणि ओळखपत्र यांतलं नाव तंतोतंत जुळावं लागतं. गुणपत्रिकेतल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र पहिल्याच पाकिटात घाला.