विमानअंतराच्या ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव: ट्रोम्सो, लाँगइयरब्येन आणि पुढे न्यू अलेसुंड

नॉर्वेच्या आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवर न्यू अलेसुंड येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. तेथे जाणाऱ्या मंडळींचा प्रवास गोव्यात बसून आखणे हे माझे काम, आणि त्यासाठी विमानअंतर सांगणारे एक मोफत ॲप मी आठ महिने जवळजवळ रोज वापरले.

अंतराबाबत तक्रारीला जागा नाही. उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो ते स्वालबार्डवरील लाँगइयरब्येन सुमारे ९५७ किलोमीटर आणि तेथून न्यू अलेसुंड सुमारे ११० किलोमीटर, हे आकडे मी अक्षांश-रेखांशांवरून स्वतः पडताळले. एखादे दुसरे ॲप पहिल्या टप्प्यासाठी तीन-चार किलोमीटर जास्त दाखवते, कारण ते पृथ्वीचा ध्रुवांकडील चपटेपणा हिशेबात धरते; त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. नकाशा मात्र फसवतो. ७८ अंश अक्षांशावर मर्केटर पद्धतीचा, म्हणजे ध्रुवांकडे ताणत जाणारा सपाट नकाशा विषुववृत्ताच्या मानाने जवळजवळ पाचपट ताणलेला असतो, त्यामुळे पुणे-मुंबई हवाई अंतराहूनही लहान असलेला दुसरा टप्पा पडद्यावर पुणे-हैदराबादएवढा दिसतो.

वेळेचे गणित मात्र ढोबळ आहे. ॲप सर्व मार्गांना जेटचा एकच वेग लावते आणि वर अर्धा तास मिळवते. ट्रोम्सोहून निघणाऱ्या जेटला हे लागू पडते. ॲप १ तास ४२ मिनिटे सांगते आणि वेळापत्रकातही साधारण तेवढेच असते. न्यू अलेसुंडला जाते ते दोन पंख्यांचे छोटे डॉर्नियर २२८, आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवते त्याच जातीचे. त्यालाही ॲप ३८ मिनिटे लावते. जूनमध्ये मी स्वतः गेलो तेव्हा घड्याळाकडे पाहतच बसलो होतो. चाके जमीन सोडल्यापासून खडीच्या धावपट्टीवर टेकून पोटाखाली खडे वाजू लागेपर्यंत २४ मिनिटे झाली. अर्थात त्या २४ मिनिटांसाठी, धुके उठण्याची वाट पाहत, आम्ही लाँगइयरब्येनला दीड दिवस काढला होता.

आणखी एक गोष्ट कोणतेही ॲप सांगत नाही. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर असल्यामुळे ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्याची पासपोर्ट तपासणी तेथेच होते, त्यासाठी हाताशी वेळ ठेवावा लागतो, आणि परतीसाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा असावा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन निघालेल्याची परतीला पंचाईत होते.

आता मी ॲपमधून फक्त अंतर घेतो, वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातून घेतो आणि लाँगइयरब्येनला दोन दिवस मोकळे सोडतो. पाचपैकी गुण द्यायचे तर अंतरासाठी साडेचार आणि वेळेसाठी दीड. ‘मोटारीने लागणारा वेळ’ असा एक रकाना ॲपमध्ये आहे, त्यात दुसऱ्या टप्प्यासाठी दोन तास दाखवले जातात. या दोन वस्त्यांमध्ये रस्ताच नाही. तो रकाना काढला, तर दीडचे दोन करीन.