आयर्न मेडनचे ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ : आठ महिने गाडीत वाजल्यानंतर

‘बेस्ट ऑफ’ छापाच्या सीडी मी सहसा विकत घेत नाही. ज्याला बँड ठाऊक आहे त्याच्याकडे त्यातली गाणी आधीच असतात, आणि ज्याला ठाऊक नाही त्याने सरळ एखादा चांगला अल्बम घेऊन सुरुवात करावी, असे माझे जुने मत आहे. तरीही गेल्या दिवाळीत मी आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ हे 2008 चे संकलन घेतले. त्याला निमित्त झाले आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव. त्यांना मेटल ऐकण्याची इच्छा झाली होती, आणि माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या कॅसेटींना बुरशी लागलेली होती. गाडी 2012 ची असल्यामुळे तिच्यात सीडी प्लेअर अजून शाबूत आहे, तेव्हा सीडीच घ्यावी असे ठरले. मिळाली ती वापरलेली प्रत होती. विक्रेत्याने ‘नव्यासारखी’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात डबीची बिजागरी तुटलेली होती आणि तबकडीवर एक लांब ओरखडा होता. सुदैवाने गाणे कुठेही अडखळत नाही, म्हणून परत पाठवण्याच्या भानगडीत पडलो नाही.

या संकलनाशी माझे एक जुने नाते आहे. त्याच नावाच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर झाला होता आणि त्या गर्दीत मी होतो. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक असल्यामुळे बँड, कर्मचारी आणि टनावारी सामान बोइंग 757 मध्ये घालून ही मंडळी देशोदेशी हिंडणार होती, आणि लंडनहून निघाल्यावर त्यांचा पहिला मुक्काम आपल्याकडे होता. संकलन बाजारात आले त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, म्हणजे मे महिन्यात. नव्या पिढीला ऐंशीच्या दशकातली गाणी एका ठिकाणी मिळावीत असा त्यामागचा हेतू होता. मजेची गोष्ट अशी की त्या रात्री वाजलेली ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’, ‘रेव्हलेशन्स’ आणि ‘हेवन कॅन वेट’ या संकलनात नाहीत, आणि संकलनातली ‘फँटम ऑफ द ऑपेरा’, ‘राथचाइल्ड’, ‘चिल्ड्रन ऑफ द डॅम्ड’ ही गाणी त्या रात्री वाजली नव्हती. ती पुढच्या वर्षीच्या टप्प्यात आली.

मी भोसरीत राहतो आणि चाकणला नोकरी करतो. संकलन एकाहत्तर-बहात्तर मिनिटांचे आहे. वाहतूक बरी असली तर माझा एका बाजूचा प्रवास साधारण त्याच्या निम्म्या वेळात होतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात या सीडीचे आपोआप दोन भाग पडले. ‘रन टू द हिल्स’ संपेपर्यंतचा भाग सकाळचा, आणि तिथून पुढचा संध्याकाळचा. तळेगाव चौकात कोंडी असली की सकाळीच नववे गाणे सुरू व्हायचे, आणि त्यावरून आज हजेरीला किती उशीर होणार याचा अंदाज बांधता यायचा.

सकाळचा भाग लोकप्रिय गाण्यांचा आहे. सुरुवातीला चर्चिल यांच्या जून 1940 च्या भाषणाचा तुकडा येतो आणि त्याला लागूनच ‘एसेस हाय’, म्हणजे ब्रिटनवरच्या हवाई लढाईतल्या वैमानिकाचे गाणे. मग ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’. अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने प्रलयकाळ किती जवळ आला आहे हे दाखवण्यासाठी कल्पिलेल्या घड्याळाचा संदर्भ त्याच्या नावात आहे. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनंतर 1953 मध्ये त्या घड्याळाचा काटा मध्यरात्रीच्या दोन मिनिटे अलीकडे आणून ठेवला होता. 1984 मध्ये गाणे आले तेव्हा तो तीन मिनिटांवर होता, हे चिरंजीवांनी शोधून काढून मला ऐकवले. ‘द ट्रूपर’ हे क्रिमियाच्या युद्धातल्या बालाक्लावाच्या लढाईवर आहे. 1854 साली तोफांच्या तोंडी धाडलेल्या ब्रिटिश घोडदळाची ही कथा, आणि गाण्याची लयही घोड्याच्या दौडीची. बेस गिटार वाजवणारा स्टीव्ह हॅरिस तार छेडायची पट्टी (पिक) न वापरता नुसत्या बोटांनी ही दौड उठवतो. बँडची बहुतेक गाणी त्याचीच असल्यामुळे ही चाल मेडनची खूणच होऊन बसली आहे. आमचे वडील नाट्यसंगीतातले. एकदा आळंदीला जाताना त्यांनी नाइलाजाने हे गाणे पूर्ण ऐकले आणि डिकिन्सनबद्दल म्हणाले, “आवाज तयार आहे हो, पण याला थांबायचे कुठे ते कोणी शिकवलेले दिसत नाही.” मला हा अभिप्राय आजवर वाचलेल्या बऱ्याच समीक्षेपेक्षा नेमका वाटला.

सहा महिन्यांनी मात्र सकाळच्या भागाची गोडी कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आणि ‘रन टू द हिल्स’ ही गाणी इतक्या वेळा, इतक्या ठिकाणी ऐकलेली असतात की ती कानावरून नुसती निघून जातात. या भागातले जे गाणे उलट वर चढत गेले ते ‘वेस्टेड इयर्स’. बँडचा गिटारवादक एड्रियन स्मिथने एकट्याने लिहिलेले, सतत घराबाहेर राहणाऱ्या माणसाचे हे गाणे आहे. त्याच्या आरंभीची गिटारची सुरावट एकाच उघड्या तारेभोवती फिरत राहते. ती ऐकताना आधी बोटांची चपळाईच डोळ्यांसमोर येते. पुढे कधीतरी लक्षात येते की ती तार तंबोऱ्यासारखी धरून ठेवलेली आहे आणि बाकीचे स्वर तिला सोडून जातात व पुन्हा तिच्याकडे येतात. ज्या दिवशी हे कळले त्या दिवशी मी ते गाणे सलग तीनदा लावले आणि मोशीचे वळण चुकलो.

संध्याकाळचा भाग खरा कसदार आहे. ‘पॉवरस्लेव्ह’ हे मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मिसरी फेरोचे मनोगत आहे. देव म्हणवून घेणाऱ्यालाही मरावे लागते, हा त्याचा संताप. त्याच्या मध्यावर लय संथ होते, एक गिटार जवळजवळ शोकगीतासारखे वाजते, मग दुसरे गिटार येऊन लय पुन्हा उचलते. या जागेची वाट मी अजूनही पाहतो. त्यानंतरचे ‘हॅलोड बी दाय नेम’ हे फाशीची वेळ जवळ आलेल्या कैद्याचे गाणे. घंटेच्या ठोक्यांनी सुरू होते, पहिले कडवे जवळजवळ पुटपुटल्यासारखे, आणि सात मिनिटांत कुठल्या कुठे जाऊन पोहोचते. शब्द संपल्यानंतरही वाद्ये बराच वेळ चालू राहतात. इतक्या वर्षांनी, इतक्या वेळा ऐकूनही त्यातला एक सेकंद कमी करावा असे वाटत नाही. 1982 मध्ये डिकिन्सन बँडमध्ये नवा होता आणि ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा त्याचा मेडनबरोबरचा पहिलाच अल्बम. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. या एकट्या अल्बममधली चार गाणी संकलनात घेतली आहेत. त्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही, मात्र 1983 च्या ‘पीस ऑफ माइंड’मधले एकटे ‘द ट्रूपर’ घ्यावे हा कंजूषपणा झाला. ‘फ्लाइट ऑफ इकरस’ला जागा द्यायला हवी होती, आणि त्यासाठी ‘कॅन आय प्ले विथ मॅडनेस’ वगळले असते तर मला चालले असते. ते ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेले गाणे आहे, तेव्हा संकलन करणाऱ्यांना ते चालले नसते, हेही उघड आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो मला स्वतःला सुचला नाही. चिरंजीवांनी दाखवून दिला. साधारण तिसऱ्या महिन्यात ते फोनवर काहीतरी ऐकत होते आणि एकदम म्हणाले, “बाबा, ‘फँटम’ दुसराच माणूस गातोय!” त्यांना त्या गाण्याचे 1980 चे मूळ ध्वनिमुद्रण सापडले होते. पहिल्या दोन अल्बमांचा गायक पॉल डिअॅनो होता. त्याचा आवाज खरखरीत, रस्त्यावरचा, पंकच्या जवळचा. डिकिन्सनचा उंच, पल्लेदार आणि थोडा नाटकी. या संकलनाच्या मुखपृष्ठावर ‘1980 ते 1989’ असे लिहिले आहे, परंतु डिअॅनोचा एक शब्दही आत नाही. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’, ‘राथचाइल्ड’ आणि ‘आयर्न मेडन’ ही त्याच्या काळातली तिन्ही गाणी ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या मंचावरच्या कार्यक्रमांच्या 1985 च्या अल्बममधून, म्हणजे डिकिन्सनच्या आवाजात घेतली आहेत. आरंभीचे ‘एसेस हाय’ही तिथलेच. त्यामुळे हिशेब केला तर इथले एकही ध्वनिमुद्रण 1982 च्या आधीचे नाही आणि 1988 च्या नंतरचे नाही. 1989 मध्ये तर त्यांचा स्टुडिओ अल्बमच आला नव्हता. दशक म्हणून जे सांगितले आहे ते सात वर्षांचे आहे.

हे ठाऊक असूनही मी आधी कधी त्याचा विचार केला नव्हता, याचे मला थोडे वैषम्य वाटले. ज्याने ‘राथचाइल्ड’ प्रथम या सीडीवर ऐकले, त्याला हा बँड पहिल्यापासून असाच भव्य होता असे वाटेल. पूर्व लंडनच्या पबमधून वर आलेली, घाईत आणि थोड्या पैशांत पहिला अल्बम उरकलेली पोरे त्याला या सीडीत कुठेच भेटणार नाहीत. डिअॅनो 2024 मध्ये गेला. पहिल्या तीन अल्बमांचा ड्रमर क्लाइव्ह बर त्याच्याही आधी, 2013 मध्ये. बर इथे निदान ‘रन टू द हिल्स’च्या सुरुवातीच्या ठोक्यांत तरी भेटतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकच आवाज असल्यामुळे सीडी सलग ऐकवते. आणखी एक गोष्ट मला पुस्तिका चाळताना जाणवली : ही सारी गाणी, मंचावरची धरून, मार्टिन बर्च या एकाच निर्मात्याच्या हाताखालून गेली आहेत. लंडन, बहामा, म्युनिक अशा वेगवेगळ्या ठिकाणी ध्वनिमुद्रण होऊनही बेसचा टणत्कार आणि दोन गिटारांची डावी-उजवी वाटणी सगळीकडे ओळखीची राहते ती त्यामुळे. डिअॅनोची तीन मूळ गाणी मध्ये घातली असती तर इतिहास खरा झाला असता आणि सीडी मात्र खडबडीत. माझे मत विचाराल तर खडबडीतच चालली असती. ‘फँटम’ला मात्र अपवाद करावा लागतो. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये मुद्रित झालेले ते सादरीकरण इतके नेटके आहे की मूळ गाण्यापेक्षा मी तेच अधिक वेळा लावतो, आणि यावरून घरात मतभेद आहेत.

ध्वनीबद्दल थोडे. स्टुडिओतले गाणे संपून मंचावरचे सुरू झाले की आवाजाची पातळी आणि पोत दोन्ही बदलतात. गाडीत, डिझेल इंजिनाच्या घरघरीत, ते खपून जाते. घरी हेडफोनवर ऐकताना ‘रन टू द हिल्स’नंतर एकदम हजारो माणसे खोलीत शिरल्यासारखी वाटतात आणि गाणे संपताना तितक्याच अवचित निघून जातात. गाण्यांचा क्रमही कालानुक्रमे नाही, तेव्हा बँड कसा वाढत गेला हे यातून कळत नाही. पुस्तिका चित्रांसाठी जपावी अशी आहे. एडी हा त्यांचा हाडकुळा भूत-नायक, त्याची ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमवरची मिसरी दुनिया आणि ‘समव्हेअर इन टाइम’ या दुसऱ्या अल्बमवरचा यांत्रिक अवतार यांचे मिश्रण मुखपृष्ठावर आहे. वांद्र्याच्या मैदानावर मंचही त्याच धर्तीचा होता, म्हणून ते चित्र पाहिले की मला अजून त्या मैदानातली धूळ आठवते.

कोणी घ्यावे, असे विचारले तर ज्याने मेडनचे एकही गाणे ऐकलेले नाही त्याने निःशंक घ्यावे. ज्याच्याकडे ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ आहे त्याला याची गरज नाही, कारण इथली सर्वांत जिवंत चार गाणी त्याच्याकडे आहेतच. यानंतरच्या काळासाठी 2011 मध्ये ‘फ्रॉम फिअर टू इटर्निटी’ हे दोन सीडींचे संकलन निघाले आहे. मी ते घेतलेले नाही आणि घेण्याचा विचारही नाही. चिरंजीवांनी स्वतःच्या खाऊच्या पैशांतून 1980 चा पहिला अल्बम मागवला आहे. तो आला की गाडीत कोणता ‘फँटम’ वाजणार यावर तोड निघाली आहे : सकाळी डिअॅनो, संध्याकाळी डिकिन्सन, आणि तळेगाव चौकात अडकलो तर नाणेफेक.